पाडली किती, लिहिली किती?

एरिक हार्टमान ३५२, गेरहार्ड बार्कहॉर्न ३०१, ग्युंटर राल २७५. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लढाऊ वैमानिकांची ही यादी पुस्तकांत आणि माहितीपटांत इतक्या वेळा येऊन गेली आहे की, तिच्यावर शंका घेणाराच आता संशयित ठरतो. मी ती शंका घेतो. हे आकडे पाडलेल्या विमानांचे नाहीत, पाडल्याच्या दाव्यांचे आहेत. हा फरक गिळून जो 'हार्टमानने ३५२ विमाने पाडली' असं बेधडक लिहितो, तो इतिहास लिहीत नाही. नाझी राजवटीच्या जुन्या प्रसिद्धिपत्रकाची नक्कल उतरवतो.

यावर भक्तमंडळी जर्मन शिस्तीचा दाखला देतात. वेळ, जागा, उंची, विमानाचा प्रकार, साक्षीदार, वरिष्ठाची सही, आणि मग कागद बर्लिनच्या हवाई मंत्रालयात. सगळं खरं. पण साक्षीदार कोण? बहुधा त्याच वैमानिकाचा जोडीदार, हुद्द्याने कनिष्ठ, आणि साहेबाची पाठ राखायला नेमलेला. मंत्रालयातल्या कारकुनापुढे कागद होता, युक्रेनमधलं शेत नव्हतं. फॉर्म नीट भरला आहे की नाही, एवढंच त्याला कळणार! शिवाय युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत ही यंत्रणाही कोलमडली, आणि हार्टमानचा शेवटचा दावा थेट ८ मे १९४५चा आहे.

खोटं बोलायची गरजही नसे. धूर सोडत ढगात शिरलेलं विमान पडलंच असं वाटतं. ते आपल्या हद्दीत पोटावर उतरतं आणि दुरुस्त होऊन पुन्हा उडतं. दोघे एकाच विमानावर गोळ्या झाडतात आणि दोघेही प्रामाणिकपणे एकेक लिहून देतात. ब्रिटिशांचं काय वेगळं होतं? १५ सप्टेंबर १९४० रोजी त्यांनी १८५ जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर केलं; प्रत्यक्षात पडली साठाच्या आसपास. स्वतःच्या भूमीवर, सांगाडे मोजायची सोय असतानाही तिप्पट! पण युद्धानंतर जर्मन नोंदींशी ताडून तो आकडा कापला गेला. जर्मन एक्क्यांच्या आकड्यांना कात्री लावायची म्हटली, की मात्र लोकांच्या भावना दुखावतात.

आणि जाणूनबुजून केलेल्या लबाडीचं काय? ऑगस्ट १९४२मध्ये उत्तर आफ्रिकेत जेजी २७ या दलातल्या चौघांची टोळी खोटे दावे ठोकत असल्याचा बोभाटा झाला. शिस्तप्रिय हवाई दलाने त्यांना वेगवेगळं केलं आणि प्रकरण मिटवलं. त्यांतल्या एकाला त्याच वर्षअखेर नाइट्स क्रॉस हे पदक मिळालं. एरिक रुडॉर्फरच्या नावावर ६ नोव्हेंबर १९४३ रोजी १७ मिनिटांत १३ विमानं आहेत. त्या धुमश्चक्रीत जीव वाचवायचा की जमिनीवर आदळणारी विमानं मोजायची? पण पदक आकड्यावर मिळत होतं आणि गोबेल्सच्या खात्याला रोज नवा नायक हवा होता. असं दुकान मांडल्यावर माप चोख राहील, ही अपेक्षा भाबडेपणाची आहे.

हे वैमानिक बनावट होते, असं मी म्हणत नाही. हार्टमानने चौदाशेच्या वर उड्डाणं केली. दोस्तांचे वैमानिक ठरावीक काळानंतर विश्रांतीला जात. जर्मन वैमानिक मरेपर्यंत किंवा जायबंदी होईपर्यंत लढत. त्यामुळे त्यांचे आकडे मोठे असणारच. मोठे असणं वेगळं, तंतोतंत ३५२ असणं वेगळं.

हे दावे शत्रूच्या नोंदींशी ताडू म्हटलं, की 'सोव्हिएत नोंदींवर कोण विश्वास ठेवणार?' हा शेवटचा बचाव. त्या नोंदींतही लपवाछपवी असेल. पण तुकडीला नवं विमान हवं असेल, तर जुनं गेल्याचं लिहावंच लागतं. शत्रूचं नुकसान फुगवणं फुकट असतं. स्वतःचं लपवलं तर उद्या उडायला विमान नसतं. क्रिस्टोफर शोअर्ससारख्या इतिहासकारांनी आफ्रिकेच्या आघाडीवरच्या दोन्ही बाजूंच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तेव्हा तिथल्या मार्सेल या जर्मन वैमानिकाच्या १५८ दाव्यांतले बरेच टिकले, काही टिकले नाहीत. मार्सेल त्यामुळे लहान झाला नाही. यादी मात्र खोटी ठरली.

१८९८मध्ये वि. का. राजवाड्यांनी पानिपतच्या काळातली अस्सल पत्रं छापली आणि प्रस्तावनेतच बखरींचं पितळ उघडं पाडलं. त्यांच्या भाषेत लिहिणाऱ्यांना बर्लिनची बखर मात्र बिनदिक्कत चालते! माझी मागणी साधी आहे. आकडा छापा, पण तीन रकान्यांत: दावा केलेली, मंजूर झालेली, शत्रूच्या नोंदींत सापडलेली. तिसरा रकाना भरायला मेहनत लागते, म्हणूनच तो कुणी छापत नाही. तो रिकामा असेल तर रिकामा छापा. आणि त्याची लाज वाटत असेल, तर आकडाच छापू नका.