संस्कार आणि प्रवेशअर्ज

शाळाप्रवेशाचे दिवस आले की मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांत एक शब्द वारंवार कानी पडतो: संस्कार. त्यासाठी कोणी कॉन्व्हेंटचा अर्ज आणतो, कोणी एखाद्या मठाने चालविलेल्या शाळेचा, कोणी अंजुमनचा. निवडीचा हा अधिकार निर्विवाद आहे. प्रश्न एवढाच की, त्या निवडीत संस्कार हा निकष कितपत असतो? घरी सत्यनारायण घालणारे कुटुंब मिशनरी शाळेच्या दारात उभे राहते ते बायबलच्या ओढीने नव्हे. त्याला इंग्रजी हवी असते, शिस्त हवी असते आणि नोकरीची वाट सोपी व्हायला हवी असते. यात लाजण्याजोगे काही नाही. मात्र हव्या त्या वस्तूला दुसरेच नाव दिले की पारख चुकते.

हा पेच जुना आहे. जॉन विल्सन यांच्या मुंबईतील मिशन शाळेत पारशी मुले इंग्रजी विद्येसाठी जात. १८३९ साली त्यांपैकी काहींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारताच समाजात खळबळ उडाली आणि पालकांनी मुले भराभर काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्रींचे धर्मांतर झाले. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत याचा ताबा न्यायालयाने वडिलांकडे दिला खरा, पण त्याला जातीत परत घेतले जावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांना सनातन्यांशी झगडावे लागले. मिशनने आपला हेतू कधी लपविलेला नव्हता. पालकांनीच त्याकडे काणाडोळा केला होता.

आजच्या पालकापाशी तेव्हा नसलेले एक साधन आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ अन्वये शासनमान्य वा अनुदानित शाळेत धर्मशिक्षणाची किंवा उपासनेची सक्ती करता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. प्रवेशअर्जावर सही करताना हे किती जणांच्या ध्यानात असते? शिक्षणहक्क कायद्याने २००९ साली प्रवेशासाठी पालकांची मुलाखत घेण्यास बंदी केली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याकांच्या शाळा त्या कायद्याबाहेर राहिल्या. पालकाने शाळेची मुलाखत घेण्यास मात्र कोणत्याच कायद्याची आडकाठी नाही!

ती घ्यावी, कारण शिक्षण ही अशी सेवा आहे की तिचा गुण मोल मोजल्यावरही लवकर कळत नाही, आणि कळला तरी माघार महाग पडते. सोबती तुटतात, माध्यम बदलते, दुसरीकडे जागा मिळत नाही. प्रार्थनेच्या वेळी अन्य धर्माचे मूल काय करते? डब्यात काय आणावे यावर बंधन आहे काय? मेंदी, राखी वा टोपी यांबद्दल शिक्षा होते काय? फी माफ झालेल्या मुलाला वर्गात वेगळे वागविले जाते काय? माहितीपत्रकात याची उत्तरे सहसा सापडत नाहीत. दहावी होऊन बाहेर पडलेली मुले ती बिनदिक्कत सांगतात.

पालकांनी एक प्रश्न स्वतःच्या घरालाही विचारावा. सकाळी एक प्रार्थना आणि तिन्हीसांजेला दुसरी म्हटल्याने मूल गोंधळत नाही. दोन्ही त्याला पाठ होतात. ते गोंधळते, जेव्हा ज्या शाळेचे नाव बाप पाहुण्यांना अभिमानाने सांगतो, तिच्याच प्रार्थनेची रात्री जेवताना टिंगल करतो. त्या ताटावर मूलही बसलेले असते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला तीच प्रार्थना हात जोडून म्हणायची असते.