खासदार नेमका कोणाचा?

आमच्या शाळेच्या ओसरीत एक भित्तिफलक आहे. दर शनिवारी मुले त्यावर वर्तमानपत्रांतील कात्रणे डकवतात आणि खाली आपल्या अक्षरांत दोन-चार ओळी लिहितात. गेल्या पावसाळ्यात एका कात्रणाखाली एका मुलाने ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘अमेरिकेच्या संसदेत आपला खासदार’. कात्रण होते श्री ठाणेदार यांच्याविषयीचे. (पाळण्यातले नावच ‘श्री’ असल्यामुळे आदराचा ‘श्री’ आणखी लावावा की नाही, या विवंचनेत आमची लेखणी क्षणभर थबकते!) दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर आम्हीही मोठ्या अभिमानाने मुलांना ही हकीकत सांगितली. बेळगावकडच्या मराठी घरातला मुलगा कोठच्या कोठे गेला, हे ऐकून टाळ्या पडल्या. तेवढ्यात आठवीतली एक मुलगी उठली आणि घरच्या बोलीत विचारती झाली, “सर, मंग तो आपला कसा? मतं तं तिकडच्या लोकायनं देल्ली ना?”

इतक्यात घंटा झाली म्हणून आम्ही सुटलो. घंटेचे मुख्याध्यापकावर केवढे उपकार असतात, हे शिक्षकी पेशातील वाचकांस सांगणे न लगे. प्रश्न मात्र मनातून जाईना. म्हणून या महिन्याचे पान त्यासाठीच खर्ची घालीत आहोत.

प्रथम माणसाची हकीकत. ठाणेदारांचा जन्म २२ फेब्रुवारी १९५५ चा, चिकोडीचा. बालपण बेळगावात गेले. ते चौदा वर्षांचे असताना वडील निवृत्त झाले आणि आठ माणसांच्या संसाराला हातभार लावण्यासाठी मुलाला मिळेल ते काम पत्करावे लागले. रसायनशास्त्राची पदवी अठराव्या वर्षी. मग मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रात नोकरी आणि नोकरी करता करता १९७७ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी. १९७९ मध्ये ते अमेरिकेस गेले आणि टायरच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या अ‍ॅक्रन शहराच्या विद्यापीठातून १९८२ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. १९८८ मध्ये ते त्या देशाचे नागरिक झाले.

१९९१ मध्ये सेंट लुईस येथील ‘केमिर’ नावाची एक लहानशी प्रयोगशाळा त्यांनी पंचाहत्तर हजार डॉलरला विकत घेतली आणि पंधरा वर्षांत तिचा वटवृक्ष केला. त्याच्या फांद्या फार पसरल्या, कर्ज वाढले, मंदी आली आणि २०१० मध्ये बँकेने सारे ताब्यात घेतले. मग पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी मिशिगन राज्यातील अ‍ॅन आर्बर येथे नवी प्रयोगशाळा उभारली, तीही भरभराटीस आणली आणि २०१६ मध्ये तिचा मोठा हिस्सा विकून टाकला. त्यांचे मराठी आत्मचरित्र आपल्याकडे पुष्कळ वाचले गेले, ते या चढउतारांमुळेच. आमच्या मते मात्र खरी विचार करण्याजोगी गोष्ट यानंतर सुरू होते.

ती सांगण्यापूर्वी एका तारखेचा उल्लेख करावासा वाटतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. तेव्हा ठाणेदार पावणेदोन वर्षांचे होते. त्या दिवसापर्यंत मुंबई राज्यात असलेले बेळगाव आणि चिकोडी म्हैसूर राज्यात गेले. त्याच दिवशी जुन्या मध्यप्रदेशातील नागपूर-विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. आणि छिंदवाडा जिल्हा, त्यातील मराठीभाषी सौंसर-पांढुर्ण्यासह, नव्या मध्यप्रदेशात राहिला. आमचे आजोबा म्हणत, “निजलो तेव्हा राजधानी नागपूर होती, उठलो तेव्हा भोपाळ.” तात्पर्य, चिकोडीचे हे बाळ आणि आमचे गाव, दोघेही एकाच दिवशी परक्या भाषेच्या सरकारात जाऊन पडले. मुलांना ठाणेदार ‘आपले’ वाटतात, त्यामागे केवळ आडनाव नाही. न कळत हेही असावे.

आता तिकडची संसद. तिला ‘काँग्रेस’ म्हणतात, आणि आमच्या जिल्ह्यात हा शब्द उच्चारला की पंजाच डोळ्यांपुढे येतो. तो वाचकांनी कृपया दूर ठेवावा. तिची सभागृहे दोन, सिनेट आणि प्रतिनिधिगृह. प्रतिनिधिगृहात मतदान करणारे सभासद ४३५, आणि मुदत अवघी दोन वर्षांची! आपला खासदार पाच वर्षे निर्धास्त असतो; तिकडचा शपथ घेतो न घेतो तोच पुढच्या निवडणुकीची वर्गणी गोळा करू लागतो. त्याला मंत्रीही होता येत नाही. व्हायचे तर सभासदत्व सोडावे लागते. आणखी एक मोठा फरक असा, की पक्षाचे तिकीट दिल्लीत ठरावे तसे तेथे वरून ठरत नाही. पक्षाचा उमेदवार कोण, हे आधी प्राथमिक निवडणुकीत मतदारच ठरवितात. डेट्रॉईटसारख्या शहरात डेमोक्रॅटिक पक्षाचे पारडे इतके जड की तेथे प्राथमिक निवडणूक जिंकली म्हणजे गड सर झालाच म्हणून समजावे.

ठाणेदारांनी पहिली उडी मारली ती एकदम गव्हर्नरपदासाठी, २०१८ मध्ये. पदरचे सुमारे एक कोटी डॉलर खर्चून ते पक्षांतर्गत लढतीत तिसरे आले. दुसरा कोणी असता तर घरी बसला असता. यांनी बिऱ्हाडच डेट्रॉईटला हलविले, २०२० मध्ये राज्याच्या विधानसभेत निवडून आले आणि २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहासाठी उभे राहिले. प्राथमिक निवडणुकीत उमेदवार नऊ. ठाणेदारांना साधारण अठ्ठावीस टक्के मते पडली, आणि मते विभागली गेल्याने तेवढी पुरली. ७ जानेवारी २०२३ रोजी त्यांनी शपथ घेतली; २०२४ च्या नोव्हेंबरात ते पुन्हा निवडून आले, आणि ही मुदत जानेवारी २०२७ पर्यंतची.

बेळगावात आनंद झाला, मुंबई-पुण्यात झाला, आमच्या ओसरीतही झाला. डेट्रॉईटमध्ये त्या दिवशी काय झाले, हे आपल्या वर्तमानपत्रांनी फारसे सांगितले नाही.

डेट्रॉईटमध्ये दर चार माणसांमागे तीन कृष्णवर्णीय. दक्षिणेकडील छळाला कंटाळून मोटारींच्या कारखान्यांत काम शोधीत आलेल्यांची ही लेकरे-नातवंडे. या शहराने १९५४ मध्ये चार्ल्स डिग्ज या कृष्णवर्णीय तरुणास निवडून दिले आणि जानेवारी १९५५ मध्ये तो प्रतिनिधिगृहात बसला. म्हणजे ठाणेदारांच्या जन्माच्या सुमारे दीड महिना आधी. त्याच वर्षी मिसिसिपीत एमेट टिल नावाच्या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची निर्घृण हत्या झाली. खटला चालला तेव्हा डिग्ज स्वतः त्या न्यायालयात जाऊन बसले. त्या काळी त्या प्रांतात असे जाणे म्हणजे जिवावरचा खेळ. त्यांच्या पाठोपाठ १९६५ मध्ये जॉन कॉनियर्स आले आणि बावन्न वर्षे राहिले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर चौथ्याच दिवशी त्यांनी किंग यांच्या स्मरणार्थ राष्ट्रीय सुट्टीचे विधेयक मांडले. त्याचा कायदा व्हायला १९८३ साल उजाडले. हे दोघे काही देवमाणसे नव्हेत. डिग्ज यांना पैशाच्या अफरातफरीत शिक्षा झाली आणि कॉनियर्स यांना गैरवर्तनाच्या आरोपांमुळे २०१७ मध्ये राजीनामा द्यावा लागला. परंतु त्या शहराच्या लेखी दिल्लीदरबारी, क्षमा असावी, वॉशिंग्टनदरबारी आपला आवाज होता तो हाच.

२०२१ मध्ये मतदारसंघ नव्याने आखले गेले आणि शहराचे भाग उपनगरांना जोडले गेले. जानेवारी २०२३ मध्ये शहराच्या एका भागाच्या प्रतिनिधी पॅलेस्टिनी वंशाच्या रशीदा तलैब होत्या आणि दुसऱ्याचे प्रतिनिधी ठाणेदार. अडुसष्ट वर्षांत प्रथमच डेट्रॉईटचा एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी त्या सभागृहात उरला नाही. बाहेरून आलेल्या एका धनवंताने पैशाच्या जोरावर आमची जागा घेतली, असे तेथील कित्येकांनी बोलून दाखविले. आता वाचकांनी क्षणभर डेट्रॉईट विसरून बेळगाव आठवावे. ज्या गावात मराठी माणसाने मराठी आमदार निवडून देण्यासाठी पिढ्यानपिढ्या अट्टहास केला, त्याच गावच्या मुलामुळे परदेशातील एका अल्पसंख्य समाजाला आपला आवाज गेल्यासारखे वाटावे! आमच्या टाळ्यांत ही बोच नव्हती. ती आठवीतल्या मुलीच्या प्रश्नात होती.

मग ‘आपला’ प्रतिनिधी म्हणजे आपल्या रक्ताचा, आपल्या भाषेचाच का? आम्हांला तसे म्हणवत नाही. चिपळूणला जन्मलेल्या सुमित्राताई महाजन यांना हिंदीभाषी इंदूरने १९८९ पासून ओळीने आठ वेळा लोकसभेत पाठविले. त्यांना ‘आमच्या ताई’ म्हणणाऱ्यांत हिंदी बोलणारेच अधिक होते. आमच्या सौंसरच्या सीमेपलीकडच्या रामटेकने १९८४ आणि १९८९ मध्ये तेलुगू नरसिंहरावांना निवडून दिले. पण ते मराठी जाणत, आणि हरिभाऊ आपट्यांची कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली होती. आमच्या छिंदवाड्याने तर १९८० मध्ये कानपुरात जन्मलेल्या कमलनाथांना स्वीकारले आणि पुढे एकूण नऊ वेळा निवडून दिले. ते मराठी बोलतात काय, असे येथे कोणी विचारल्याचे आम्हांस स्मरत नाही. रस्ता, रेल्वे, दवाखाना यांचीच विचारणा होई.

विचारायला हवे होते काय? येथे आमचे स्वतःचे दुखणे निघते. १९५६ च्याच सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात ३५०-क हा अनुच्छेद आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा राज्यांनी प्रयत्न करावा, असे तो सांगतो. इकडे मराठी शिकविणारा गुरुजी निवृत्त झाला की त्याची खुर्ची रिकामी राहते आणि आम्ही अर्ज लिहीत बसतो. तीस वर्षांत आम्ही असे किती अर्ज लिहिले, याची मोजदाद नाही. या मुलांसाठी सभागृहात उठून प्रश्न विचारणारा सभासद मराठीच असावा, असा आमचा हट्ट नाही. त्याने उठावे मात्र. डेट्रॉईटच्या गल्लीत राहणारी कृष्णवर्णीय आजीही ठाणेदारांकडून याहून वेगळे काही मागत असेल, असे आम्हांस वाटत नाही. आणि तिचे समाधान झाले की नाही, हे चिकोडीहून वा पांढुर्ण्याहून ठरविता येणार नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये ठाणेदारांनी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगाची सात कलमे मांडली आणि मे महिन्यात, स्वपक्षीयांनीच विरोध केल्यावर, मतदानाचा आग्रह सोडला. कोणी याला धैर्य म्हटले, कोणी प्रसिद्धीची हौस. आम्हांला दोन्ही थोडेथोडे खरे वाटते.

जाता जाता एक गोष्ट. त्या सभागृहात बसलेले पहिले भारतीय दलीपसिंग सौंद. पंजाबचे, गणितातील डॉक्टर, कॅलिफोर्नियात शेती करून राहिलेले. भारतीयांना तेथे नागरिकत्वच मिळत नसे. १९४६ मध्ये कायदा बदलला आणि १९४९ मध्ये ते नागरिक झाले. ते निवडून आले ६ नोव्हेंबर १९५६ रोजी. आमची राजधानी बदलली त्याला तेव्हा पाच दिवस झाले होते. त्यांच्या मतदारसंघात शीख किती असतील? मोजकेच. गोऱ्या शेतकऱ्यांनी एका काळ्यासावळ्या शेतकऱ्याला पाठविले, कारण पाण्याचा आणि पिकाचा प्रश्न त्याला ठाऊक होता.

हे सारे आम्ही पुढच्या सोमवारी आठवीच्या वर्गात सांगितले. मुलीने ऐकून घेतले, पटले की नाही ते बोलली नाही. शनिवारी फलकाजवळून जाताना पाहिले, तर कात्रण तेच होते. ‘आपला’ या शब्दावर काट मारलेली आणि वर निळ्या शाईत, जरा तिरक्या अक्षरात लिहिलेले, ‘डेट्रॉईटचा’. त्याखाली बारीक अक्षरांत, ‘जन्म चिकोडी’. ज्या मुलाने आधी लिहिले होते, त्याची तक्रार अजून आमच्या टेबलावर आहे.