वर्गणीचा फलक आणि दोन पावत्या



भीमजयंतीची मिरवणूक संपली की वस्तीत हिशेबाची चर्चा सुरू होते. कल्याण पूर्वेतील आमच्या वस्तीत गेल्या वर्षी हिशेब आमच्याकडेच होता. बुद्धविहाराबाहेर आम्ही फलक लावला. डोंबिवलीत चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एका विधवा भगिनीच्या नावापुढे लिहिले होते : जमा २००, बाकी ३००. चारचौघांत ते वाचून ती माऊली काही न बोलता घरी गेली आणि दोन पावत्या घेऊन परत आली. एक २०० ची, दुसरी ३०० ची. पुरे ५०० तिने भरले होते! दुसरा हप्ता वहीत होता, फलकावर उतरवताना आमच्याकडून राहिला. पोटाला चिमटा काढून दिलेल्या पैशाची आम्ही अशी किंमत केली. आम्ही तिची सर्वांसमक्ष माफी मागितली.

चूक एकच आकडा दोनदा लिहिण्यात होती. म्हणून यंदा आम्ही हिशेब संगणकावर एक्सेलमध्ये ठेवला. आकडा एकदाच भरायचा, वाक्य संगणकाने जुळवायचे. ही युक्ती आमच्या मुलामुलींनी जरूर शिकावी.

पहिल्या ओळीत मथळे लिहा. ए स्तंभात नाव, बी मध्ये ठरलेली वर्गणी, सी मध्ये पहिला हप्ता, डी मध्ये दुसरा हप्ता, ई मध्ये शेवटचा हप्ता भरल्याची तारीख. मग एफ२ या चौकटीत असे लिहा :

=ए२&" : जमा रु. "&(सी२+डी२)&", बाकी रु. "&(बी२-सी२-डी२)

येथे ए, बी, सी ही अक्षरे आम्ही मराठीत छापली आहेत. संगणकावर ती व आकडे इंग्रजीत टाइप करावेत. & हे चिन्ह दोन गोष्टी जोडते. अवतरण चिन्हांतील मजकूर जसाच्या तसा उमटतो, तो मराठीत चालतो. शब्दाच्या आजूबाजूची मोकळी जागाही अवतरणातच सोडावी, नाहीतर शब्द आणि आकडा एकमेकांना चिकटतात. चौकटीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातील ठिपका धरून खाली ओढला की प्रत्येक घराचे वाक्य तयार होते. हप्ता भरला की वाक्यातली बाकी आपोआप बदलते.

तारखेची मात्र एक गंमत आहे. एक्सेल तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० पासून मोजलेला दिवस समजते. त्यामुळे ई२ नुसते जोडले तर ५ एप्रिल २०२५ ऐवजी ४५७५२ असा आकडा येतो. त्यासाठी असे जोडावे :

&" दि. "&टेक्स्ट(ई२,"डीडी/एमएम/वायवायवायवाय")

हीसुद्धा अक्षरे इंग्रजीतच टाइप करावीत. घरी संगणक नसला तरी अडत नाही. मोबाइलवरील गुगल शीट्समध्ये आणि फुकट मिळणाऱ्या लिबर ऑफिसमध्येही हीच सूत्रे चालतात.

पण एक ध्यानात ठेवावे. आकडा चुकीचा भरला तर यंत्र चुकीचेच वाक्य सुबक छापून देते. म्हणून पावतीपुस्तक जपून ठेवावे आणि भरलेले आकडे दोघांनी पावतीशी ताडून पाहावेत. यंदा आम्ही फलकावर एकूण जमा आणि खर्च एवढाच लावला. ज्याची त्याची चिठ्ठी ज्याच्या त्याच्या घरी पोचवली. कोणाची बाकी किती, हे शेजाऱ्याला कळायचे कारणच काय?

बाबासाहेब १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांच्या नावाने गोळा केलेल्या पै-पैचा हिशेब चोख असलाच पाहिजे. त्या भगिनीला यंदाची चिठ्ठी आम्ही स्वतः नेऊन दिली. तिने ती मुलीकडून वाचून घेतली आणि पावत्यांच्या डब्यात ठेवली.

जय भीम! नमो बुद्धाय!