तो जरा भोळा आहे

अमेरिकेतील आपल्या मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवात एका मुलीने आपल्या मतिमंद भावावर केलेले भाषण ऐकताना सभागृहातील बहुतेकांचे डोळे पाणावले, टाळ्यांचा कडकडाट झाला आणि कार्यकारिणीने तिला तत्काळ बक्षीसही जाहीर केले. परंतु ज्याच्याविषयी ती वाणी स्रवत होती तो १४ वर्षांचा मुलगा त्या वेळी सर्वांत मागच्या रांगेत, दाराला लागून असलेल्या खुर्चीवर, मध्येच ओरडला तर चटकन बाहेर नेता यावे म्हणून आईच्या हाताशी बसविलेला होता. माझ्या ते ध्यानात आले, कारण दाराजवळची ती खुर्ची माझ्याही घरात होती. त्या मुलीला दोष देण्याचा माझा हेतू नाही. तिच्या वयाचा असताना मला तिच्या निम्मेही धैर्य नव्हते. माझी तक्रार टाळ्यांविषयी आहे. अपंग भावंडाची लाज टाकून त्याचा अभिमान धरणे म्हणजे मनाची उन्नती, असे आपण गृहीत धरून चाललो आहोत. माझे म्हणणे असे की, दोन्ही वृत्ती लोकांच्या तोंडाकडे बघूनच जगतात, आणि दोहोंतही ते भावंड आपल्या प्रतिष्ठेच्या जमाखर्चातील एक रक्कम असते, जी लाजेत खर्ची पडते आणि अभिमानात जमेस धरली जाते.

माझा धाकटा भाऊ डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मला. आमच्या गावात हा शब्द कोणाला माहीत नव्हता; आई येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘तो जरा भोळा आहे’ असे सांगे, आणि त्या ‘जरा’खाली तिने काय काय झाकून ठेवले होते, हे मला फार उशिरा उमगले. (सरकारी दफ्तरात याच माणसांना आधी मतिमंद म्हणत, आता दिव्यांग म्हणतात, नाव तेजस्वी झाल्याने दाखला लवकर मिळतो, असा मात्र अनुभव नाही.) कॉलेजातील मित्र घरी येणार असले की मी धाकट्याला वाण्याकडे काडेपेटी आणायला पिटाळीत असे. फडताळात काडेपेट्यांची चळत साचली होती, पण आईने त्याविषयी मला कधी विचारले नाही. आणि तो इतक्या झटपट परत येई की, उरलेले सुटे पैसे मित्रांच्या देखतच माझ्या तळहातावर एकेक करून मोठ्या ऐटीने ठेवी. पुढे माझ्यासाठी स्थळे पाहू लागले, तेव्हा वडिलांनी केलेल्या टिपणात ‘एक धाकटा भाऊ, घरीच असतो’ एवढेच होते. त्यात खोटे असे काहीच नव्हते.

अमेरिकेत आल्यावर, अशा गोष्टी बोलून दाखविण्याला येथे मान आहे हे ध्यानी येताच, मी तीच काडेपेटीची हकीकत, तीतील माझा हेतू तेवढा गाळून, जेवणावळींत सांगू लागलो, आणि ऐकणारे माझ्या समंजसपणाची वाखाणणी करू लागले. दोन्ही वेळी धाकटा तेथे नव्हता: पूर्वी वाण्याच्या दुकानात होता, नंतर ८,००० मैलांवर.

अभिमानाने कामे होतात, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो अगदीच निराधार नाही. केनेडी घराण्यातील रोझमेरीवर १९४१ साली, वयाच्या २३व्या वर्षी, मेंदूची शस्त्रक्रिया करविली गेली, ती कायमची परावलंबी झाली, आणि त्या कीर्तिमान कुटुंबाने तिला वर्षानुवर्षे दृष्टीआड ठेवले. तिची बहीण युनिस श्रायव्हर हिने १९६२ साली ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’मध्ये आपल्या बहिणीच्या मतिमंदत्वाविषयी उघडपणे लिहिले, आणि १९६८ साली शिकागोत पहिले स्पेशल ऑलिम्पिक भरविले. या बाईंच्या अभिमानाने निदान मैदान उभे केले. आपला टाळ्यांपाशी विसावतो. तथापि, त्या लेखात शस्त्रक्रियेचा उच्चार नव्हता, हेही विसरू नये. अभिमानालाही आपले दाराजवळचे आसन असतेच.

आता व्यवहाराचे बोलतो. डाऊन सिंड्रोम असलेल्यांचे सरासरी आयुर्मान या देशात १९६०च्या सुमारास १० वर्षांच्या आसपास होते, आज ते ६०च्या घरात आहे; म्हणजे जी मुले एके काळी आईबापांच्या डोळ्यांदेखत जात, ती आता त्यांच्या पश्चात राहतात आणि भावंडांच्या हवाली होतात. येथील नागरिकत्व मी धाकट्याला आणता यावे म्हणून घेतले, निदान मनाशी मी तसेच म्हणत असे. नागरिकांनी भावंडांना आणण्याच्या वर्गात साऱ्या जगाला मिळून वर्षाला ६५,००० व्हिसा आहेत, आणि भारतातील अर्जदाराला दीड तपाहून अधिक तिष्ठावे लागते. तेवढ्यात वडील गेले, मागोमाग आई गेली. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वाचा अर्ज करावा म्हणून मी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे गेलो, तेव्हा पालक होणारा भारताचा नागरिक असावा लागतो, असे मला सांगण्यात आले. ज्या शपथेवर मी त्याला आणू पाहत होतो, तिनेच त्याच्यावरचा माझा हक्क काढून घेतला होता. पालकत्व माझ्या आतेबहिणीने पत्करले. तिने धाकट्याविषयी आजवर कोठे भाषण केलेले नाही. मात्र त्याची थायरॉइडची गोळी किती वाजता, त्याचा कोणता जोडा टाचेला लागतो आणि कोणता शेजारी त्याला चिडवतो, हे तिला विचारावे. तिला त्याची लाज वाटते का अभिमान, हे विचारण्याचे मला कधी सुचले नाही, आणि सुचले असते तरी तिच्याजवळ उत्तर द्यायला सवड नसती.

म्हणून कार्यकारिणीला माझी सूचना अशी की, पुढच्या वर्षी भाषणांबरोबर एक दुपार राखून ठेवावी आणि ज्यांची अशी भावंडे भारतात आहेत त्यांनी पालकत्वाचा हुकूम, अपंगत्वाचा दाखला आणि बँकेचे पुस्तक यांची माहिती घेऊन एकत्र बसावे. त्या मुलाची खुर्ची पहिल्या रांगेत आणावी. तो ओरडला तर ओरडू द्यावा. आमच्या अध्यक्षीय भाषणांत तेवढ्याने काही बिघडेल असे वाटत नाही.

वडील सरकारी नोकर होते, त्यामुळे धाकट्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते आणि त्यासाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. गेल्या खेपेस मी तेथेच होतो, म्हणून दोघांबरोबर बँकेत गेलो. त्याने अंगठा उठविला, शाई विजारीला पुसली आणि आतेबहिणीची बोलणी खाल्ली. कारकुनाने कागदावरून मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि हे कोण, असे विचारले. मी तोंड उघडण्यापूर्वीच धाकटा म्हणाला, “पाहुणे आहेत. जायचेत परत.”