टोकन आणि खाते क्रमांक

जळगावच्या दाणा बाजारात माझ्या भाच्याचे डाळीचे घाऊक दुकान आहे. गेल्या मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, वर्षअखेरीची धांदल ऐन भरात असताना, त्याच्या हिशेबाच्या संगणकाची मुख्य डिस्क बंद पडली. भाचा फारसा घाबरला नाही. रोज रात्री नऊ वाजता सर्व हिशेबाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आपोआप जावी, अशी व्यवस्था दोन वर्षांपूर्वी मीच करून दिली होती. त्याने ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून पाहिली आणि मला धुळ्यास फोन केला. म्हणाला, "मामा, यात शेवटची नोंद धनत्रयोदशीची दिसते आहे."

साडेचार महिन्यांची कीर्द, खतावणी आणि उधारी नाहीशी झाली होती. रात्रीची प्रत एकही दिवस चुकली नव्हती. दररोज "प्रत पूर्ण" असा संदेशही उमटत होता. मग त्या प्रती गेल्या कोठे? याचे उत्तर शोधण्यात माझे दोन दिवस गेले, आणि ते सापडले तेव्हा चूक माझ्याच हातची निघाली. निवृत्तीनंतर हौसेने शिकलेल्या विद्येचा तो प्रताप होता. आपल्यापैकी अनेकांच्या दुकानांत अशीच व्यवस्था असते, म्हणून ती चूक येथे उघड करणे मला आवश्यक वाटते.

दुकानात काउंटरवर विंडोजचे दोन संगणक आहेत. त्यांचा सारा हिशेब आतल्या खोलीतील एका जुन्या, लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात साठतो. विंडोजमध्ये प्रत्येक डिस्कला सी, डी, ई असे अक्षर मिळते. लिनक्समध्ये तशी अक्षरे नसतात. तेथे फोल्डरांचे एकच झाड असते आणि प्रत्येक नवी डिस्क त्या झाडाच्या एखाद्या फांदीवर कलम केल्यासारखी जोडली जाते. या जोडणीस 'माउंट' करणे म्हणतात. आम्ही 'प्रत' नावाचा एक रिकामा फोल्डर केला होता आणि बाहेरची डिस्क तेथे जोडली होती. डिस्क जोडलेली असेपर्यंत 'प्रत' मध्ये ठेवलेली वस्तू डिस्कवर जाते. परंतु डिस्क जोडली गेली नाही, तरी तो फोल्डर तेथेच असतो! तो मुख्य डिस्कवरचाच एक साधा फोल्डर असतो. गोदाम पाडले, पण "गोदाम" ही पाटी दुकानाच्या भिंतीवर तशीच राहिली, असे समजा. हमाल बिचारा पाटी पाहून पोती उतरवीत राहतो. त्याच्या लेखी माल गोदामात पडला. प्रत्यक्षात तो दुकानातच साचत जातो. आणि दुकानाला आग लागली म्हणजे दोन्ही माल एकदमच जातात.

आमच्याकडे हेच घडले. साडेचार महिने मूळ हिशेब आणि त्याची प्रत एकाच डिस्कवर शेजारी शेजारी नांदत होती.

माउंट हा शब्द मला नवा नव्हता. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या रंगराजन समितीचा अहवाल १९८४ साली आला आणि पुढे बँकांच्या शाखांत खतावणीची यंत्रे येऊ लागली. आमच्या शाखेत युनिक्सवर चालणारे यंत्र आले, तेव्हा ते पाहण्यास खातेदार गर्दी करीत. संगणकाच्या आरंभीच्या काळात ऑपरेटर टेपची रिळे आणि डिस्कच्या चकत्या उचलून यंत्रावर खरोखरच चढवीत असे. माउंट या शब्दात ते चढवणे अजून शिल्लक आहे. युनिक्सच्या नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तिकेत ही आज्ञा आढळते. पुढे १९८० च्या सुमारास बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये 'एफएसटॅब' नावाची एक छोटी फाईल आली. कोणती डिस्क कोठे आणि कोणत्या अटींवर जोडायची, हे त्या फाईलीत एकदा लिहून ठेवले, की संगणक सुरू होताना ती वाचतो आणि त्याप्रमाणे जोडण्या करतो. आजच्या लिनक्समध्येही ती त्याच नावाने, 'ईटीसी' या फोल्डरात असते.

या फाईलीत प्रत्येक डिस्कसाठी एक ओळ आणि ओळीत सहा रकाने असतात. पहिल्यात डिस्कची ओळख, दुसऱ्यात जोडण्याचे ठिकाण, तिसऱ्यात डिस्कवरील रचनेचा प्रकार, चौथ्यात अटी. पाचवा रकाना आता जवळजवळ निरुपयोगी आहे, तेथे शून्य लिहावे. सहाव्यात सुरुवातीच्या तपासणीचा क्रम असतो. मुख्य डिस्कला १, इतरांना २, तपासणी नको असेल तर ०. खान्देशात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. त्यामुळे हिशेबाच्या डिस्कला येथे शून्य लिहू नये, असे माझे मत आहे.

आमचा घात पहिल्या आणि चौथ्या रकान्यांनी मिळून केला.

पहिल्या रकान्यात मी 'एसडीबी-१' असे लिहिले होते. संगणकाला जी डिस्क आधी दिसते ती एसडीए, नंतरची एसडीबी, त्यानंतरची एसडीसी. ही नावे डिस्कची नाहीत, ती त्या दिवशीच्या रांगेतील जागा आहेत. बँकेत पूर्वी रोख रक्कम घेताना पितळी टोकन मिळत असे, ते वाचकांना आठवत असेल. सत्तावीस क्रमांकाचे टोकन आज माझ्याकडे, उद्या दुसऱ्या कोणाकडे. टोकन पाहून कोणी कायमची नोंद केली असती, तर आम्ही त्याला दुसऱ्या दिवशी कॅशमध्ये बसू दिले नसते. त्यासाठी खाते क्रमांक असतो. माणूस कोणत्याही खिडकीवर उभा राहिला तरी तो बदलत नाही. डिस्कलाही असा क्रमांक असतो. त्यास यूयूआयडी म्हणतात. लिनक्सच्या डिस्कवर तो बत्तीस अक्षरांकांचा असतो, मध्ये चार आडव्या रेघा. डिस्क फॉरमॅट करताना तो तिच्यावर लिहिला जातो आणि पुन्हा फॉरमॅट करेपर्यंत सामान्यतः तसाच राहतो. उबुंटू बसवताना मुख्य डिस्कची ओळ याच क्रमांकाने आपोआप लिहिली गेली होती. बाहेरच्या डिस्कची ओळ मी हाताने लिहिली आणि तेथे टोकन लिहून बसलो. चौतीस वर्षे खाते क्रमांक तपासण्यात घालवलेल्या माणसाने!

दिवाळीच्या साफसफाईत सर्व तारा काढून पुन्हा लावल्या गेल्या. सकाळी स्पीकरवर स्तवने लावण्याचा एक पेनड्राइव्ह दुकानात असतो. तो ठेवायला जागा म्हणून कोणीतरी याच संगणकात खोचला. दुसऱ्या दिवशी संगणक सुरू झाला, तेव्हा रांगेत पेनड्राइव्ह आधी लागला आणि एसडीबी झाला. आमची डिस्क एसडीसी झाली. पेनड्राइव्हची रचना वेगळी, ओळीत लिहिलेला प्रकार वेगळा, म्हणून जोडणी झालीच नाही.

एरवी अशा वेळी लिनक्स अडून बसते. डिस्कची साधारण दीड मिनिट वाट पाहते, किंवा जोडणी फसली तर लगेच, आणि संगणक नेहमीसारखा सुरू न होता काळ्या पडद्यावर मदत मागत थांबतो. मागच्या पावसाळ्यात एकदा तसे झाले होते. डिस्कची तार सैल झाली होती, दुकान दोन तास अडले आणि भाच्याने नाराजीने फोन केला. तेव्हा मी वाचून वाचून चौथ्या रकान्यात 'नोफेल' हा शब्द घातला. त्याचा अर्थ, ही डिस्क मिळाली नाही तरी पुढे चला. संगणक पुन्हा कधी अडला नाही. मी स्वतःवर खूश होतो. त्या अडण्यात जी धोक्याची घंटा होती, तिची तार मीच कापली, हे मला मार्चपर्यंत उमगले नाही.

नोफेल वाईट आहे असे मी म्हणत नाही. ज्या दुकानात सकाळी दहाला गिऱ्हाईक उभे असते, तेथे प्रतीच्या डिस्कसाठी सारा व्यवहार थांबवणे शहाणपणाचे नाही. पण घंटा काढली तर तिच्या जागी दुसरा पहारा हवा. आता आम्ही तो ठेवला आहे. रात्रीची प्रत सुरू होण्याआधी 'माउंटपॉइंट' ही आज्ञा विचारते की 'प्रत' या ठिकाणी खरोखर डिस्क जोडलेली आहे काय. नसल्यास प्रत होत नाही आणि भाच्याच्या मोबाइलवर संदेश जातो. शिवाय डिस्क काढून घेऊन आतला रिकामा फोल्डर 'चॅटर' या आज्ञेने असा कुलूपबंद केला आहे की डिस्क नसताना त्यात कोणालाच काही लिहिता येऊ नये. पाटीखाली पोते उतरवू पाहणाऱ्या हमालाचा हात तेथेच अडतो.

पहिल्या रकान्यात आता यूयूआयडी आहे. तो पाहण्यासाठी 'एलएसबीएलके -एफ' ही आज्ञा पुरते. एफएसटॅबमध्ये बदल केल्यावर संगणक बंद करून पुन्हा लावण्याची घाई करू नये. आधी 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' चालवून फाईल तपासावी, मग 'माउंट -ए' चालवून जोडणी होते का ते पाहावे. एक स्वल्पविराम चुकला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताना कळण्यापेक्षा त्याच क्षणी कळलेले बरे. (या सर्व आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत लिहावयाच्या असतात.)

आणखी एक अट मला फार आवडली, 'आरओ', म्हणजे केवळ वाचनासाठी. वस्तू व सेवा कर कायद्याच्या ३६ व्या कलमानुसार त्या त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवावे लागतात, आणि नियम ५७ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदींची योग्य प्रतही राखावी लागते. भाच्याची मागील वर्षे आम्ही वेगळ्या डिस्कवर घेतली आणि ती आरओ लावून जोडली. बँकेच्या रेकॉर्ड रूममधील बंद खतावणीसारखी ती आहेत. कोणीही उघडून पाहावीत, लेखणी मात्र टेकवता येत नाही.

विंडोज वापरणाऱ्यांनी ही कथा परक्याची समजू नये. ई अक्षराची डिस्क गृहीत धरून प्रत घेणारी व्यवस्था असेल आणि मध्येच कोणी पेनड्राइव्ह लावला, तर ई हे अक्षर त्याला जाऊ शकते. 'डिस्क मॅनेजमेंट' मध्ये जाऊन प्रतीच्या डिस्कला पी किंवा आर असे दूरचे अक्षर नेमून द्यावे. आणि कोणत्याही यंत्रणेत, डिस्कची तार ओढण्याआधी ती रीतसर विलग करावी. संगणक लिहिण्याचे काम काही काळ स्मरणात साठवून मग डिस्कवर उतरवतो. काउंटरवर स्लिपा घेतल्या आहेत, खतावणीत चढवायच्या बाकी आहेत, आणि कोणी खतावणीच उचलून घेऊन गेला, तर काय होईल ते आपणास सांगायला नको.

भाच्याच्या हिशेबाचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतीलच. खरेदी आणि बँकेतील जमा-नावे परत मिळाली. विक्रीचे अवघड होते. २५ किलोवरील पोत्यांतली डाळ करमुक्त, त्यामुळे कराच्या पोर्टलवर तिची एकत्रित रक्कम होती, बिलवार तपशील नव्हता. कागदी बिलांच्या दुसऱ्या प्रती पुष्कळशा सापडल्या. दोन मुनीम आणि मी, एप्रिलच्या उन्हात दार लावून, त्या पुन्हा चढवीत बसलो. रोखीने आलेल्या वसुलीची मात्र कोठेच खूण नव्हती. शेवटी भाच्याने अमळनेर, पारोळा, चोपडा, एरंडोल येथील एकेका दुकानदाराला फोन करून सरळ सांगितले की आमचा हिशेब गेला आहे, तुमच्या वहीत आमचे किती निघते ते कळवा. मी त्याला असे उघड सांगू नको म्हटले होते. मोबाइलवर वह्यांच्या पानांची छायाचित्रे येऊ लागली. पारोळ्याच्या एका वृद्ध किराणा व्यापाऱ्याने तर आमच्या अंदाजापेक्षा अकरा हजार रुपये जास्त देणे दाखवले. त्याचे माघातले एक बिल आमच्या फाईलीत नव्हतेच.

सहा खाती अजून जुळलेली नाहीत. ती मी एका वेगळ्या वहीत, पेन्सिलीने, मांडून ठेवली आहेत.