पंचनाम्यात तिचं नाव कुठे?



सप्टेंबर २०२५मध्ये मराठवाडा आणि सोलापूर जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. नद्या पात्र सोडून शिवारात शिरल्या. सोयाबीन उभ्या जागी कुजलं, कित्येक ठिकाणी तर जमीनच खरवडून गेली. ऑक्टोबरमध्ये राज्य शासनाने ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. ही मदत पुरेशी की तुटपुंजी, यावर भरपूर वाद झाला आणि तो व्हायलाच हवा. पण हा पैसा घरातल्या कोणाच्या हातात पडतो, हेही विचारायला हवं.

पुरानंतरच्या एका बैठकीत एक बाई उभी राहिली. नवरा सोडून गेलेला, अडीच एकर ती एकटीच कसते. ती म्हणाली, "ताई, बी-बियाण्याला बचतगटाचं कर्ज मी काढलं. पेरणी मी केली. अन् पैशाचा मेसेज त्याच्या मोबाइलवर आला." बैठकीतल्या कितीतरी माना हलल्या. कर्ज तिच्या नावावर आणि मदत त्याच्या, हा प्रकार फक्त तिच्याच घरचा नव्हता.

असं का होतं, ते समजून घेऊ. पीकनुकसानीची मदत हेक्टरी मोजतात. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्राच्या निकषांत कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये आणि बागायतीला १७,००० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत. राज्य शासन त्यात वेळोवेळी भर घालतं. पंचनामा, याद्या, विशिष्ट क्रमांक, आधार प्रमाणीकरण आणि मग बँक खातं, अशी ही वाट. ती सुरू होते सातबाऱ्यापासून. सातबाऱ्यावर जिचं नाव नाही, ती शासनाच्या लेखी शेतकरीच नाही. २०१५-१६च्या कृषी गणनेनुसार देशातल्या वहिती खात्यांपैकी जेमतेम १४ टक्के खाती बायकांच्या नावावर होती. बटईने कसणारीला आणि जिची मजुरी बुडाली तिला तर या हेक्टरी हिशेबात रकानाच नाही.

नाव असलं तरी प्रश्न सुटत नाही. सामाईक खातं असेल तर रक्कम एकाच्या खात्यात जमा करण्यासाठी बाकीच्यांचं संमतीपत्र घेतात. आई, बहीण, विधवा भावजय यांचा अंगठा त्यावर उमटतो. कागदावर काय लिहिलंय, हे वाचून दाखवण्याची गरज कुणाला वाटत नाही.

कायदे नाहीत असं नाही. महाराष्ट्राने १९९४मध्ये आणि देशाने २००५मध्ये हिंदू वारसा कायद्यात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क दिला. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेनंतर १९९२मध्ये शासनाने निर्णय काढला. नवऱ्याने अर्ज केला, तर सहधारक म्हणून बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावता येतं. पण अर्ज त्यानेच करायचा! म्हणजे सोडून दिलेल्या बाईला हा दरवाजा बंदच.

म्हणून पुढच्या पावसाळ्याआधी गावपातळीवर काही कामं हाती घेऊया. प्रत्येक गटाने आपल्या सभासदांचे सातबारे काढून एकत्र वाचावेत. विधवांच्या वारसनोंदी अडल्या असतील तर तलाठ्याकडे पाठपुरावा करावा. मदतीच्या याद्या ग्रामसभेत मोठ्याने वाचायला लावाव्यात. संमतीपत्रावर वाचल्याशिवाय सही-अंगठा करायचा नाही, हे घरोघर सांगावं. आणि जमीन प्रत्यक्ष कोण कसतं याची नोंद पंचनाम्यात व्हावी, परित्यक्ता कसत असेल तर मदत तिच्याच खात्यात जावी, ही मागणी तहसीलपासून मंत्रालयापर्यंत एकजुटीने लावून धरावी.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष महिला शेतकऱ्यांचं म्हणून जाहीर केलं. त्या निमित्ताने सत्कार होतील, शाली मिळतील. आपल्याला शाल नको, सातबाऱ्यावर नाव हवं. पाऊस पुन्हा येणार आहे. त्याआधी आपण तलाठ्याच्या दारात उभं राहूया.