आढं फिरतंय!

"अरे, आढं फिरतंय गरगर!"

आईचा फोन आला तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. मी पुण्यात, ती रत्नागिरीत. घर जुनं, कौलारू. कुशीवर वळली आणि अख्खं घर भिंगरीसारखं फिरायला लागलं म्हणाली. मिनिटभरात थांबलं. उठून चहा ठेवायला गेली तर पुन्हा काही नाही.

पुढचे तीन महिने आम्ही जे काही केलं, ते आठवलं की स्वतःला इंजिनीअर म्हणवून घ्यायची लाज वाटते. आधी बीपी तपासलं. नॉर्मल. मग 'मानेचा स्पॉन्डिलायटिस' निघाला (साठीच्या पुढच्या कोणाच्याही मानेचा एक्स-रे काढा, थोडीफार झीज दिसतेच) आणि गळ्यात पट्टा आला. सोबत चक्करेच्या गोळ्या, दिवसातून तीनदा. गोळ्यांनी ती दिवसभर पेंगायची, पण कुशीवर वळलं की आढं फिरायचं ते फिरायचंच. मग एमआरआय, त्यासाठी कोल्हापूर. चक्कर येणाऱ्या बाईला आंबा घाटातून! रिपोर्ट स्वच्छ. दरम्यान ती खुर्चीत बसून झोपायला लागली. वर बघावं लागतं म्हणून वलणीवर कपडे घालणं सोडलं, जास्वंदी काढणं सोडलं. आणि मी व ताईने परस्पर ठरवूनही टाकलं, की आता घर बंद करायचं आणि आईला पुण्याला आणायचं.

या सगळ्यात एकानेही तिला विचारलं नव्हतं की नेमकं काय केल्यावर फिरतं, आणि किती वेळ फिरतं. एरवी बग रिपोर्टमध्ये 'कसा घडवायचा' हे लिहिलेलं नसेल तर मी तो टेस्टरला परत पाठवतो, राव!

हे दोन प्रश्न विचारले ते रत्नागिरीतल्याच एका फिजिओथेरपिस्ट मुलीने. आई तिच्याकडे गेली होती गुडघ्यासाठी. टेबलावर झोपायलाच तयार नाही, म्हणून विषय निघाला. मुलीने आईची मान उजवीकडे ४५ अंश वळवली, धरून पटकन उताणं झोपवलं, डोकं टेबलाच्या कडेखाली जरा झुकतं ठेवलं आणि डोळ्यांकडे बघत राहिली. दोन-चार सेकंद काही नाही, मग बुबुळं झटके देत फिरायला लागली. अर्ध्या मिनिटात शांत. ही डिक्स-हॉलपाइक चाचणी, १९५२ सालची. खर्च शून्य.

भानगड अशी असते. आपल्या फोनमध्ये जायरोस्कोप आणि अॅक्सेलरोमीटर असतात ना, तसे दोन्ही कानांच्या आत असतात. तीन अर्धवर्तुळाकार नळ्या डोकं किती वळलं ते सांगतात. शेजारच्या पिशव्यांत जेलीसारख्या थरावर बारीक स्फटिक बसलेले असतात, त्यांच्या वजनावरून खाली कुठे ते कळतं. हे स्फटिक कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे भाट्याच्या किनाऱ्यावरच्या शिंपल्यांचाच माल :-) वयामुळे, डोक्याला मार बसल्यामुळे, किंवा काही कारण नसतानाही ते सुटतात आणि नळीत जातात, बहुतेक वेळा मागच्या नळीत. मग डोकं हललं की खडे नळीत घरंगळतात आणि आतला द्रव ढकलतात. सेन्सर म्हणतो 'आपण फिरतोय', डोळे म्हणतात 'छे, स्थिर आहोत'. खडे तळाला बसले की चक्कर थांबते, म्हणून ती मिनिटभराच्या आत संपते. सेन्सर शाबूत, मेंदू शाबूत, फक्त कचरा चुकीच्या फोल्डरमध्ये.

म्हणजे गोळीने काय होणार? गोळी सेन्सरचा आवाज कमी करते, खडा हलवत नाही. खडा हलवायचा तर डोकंच वळवावं लागतं. अमेरिकेत पोर्टलंडच्या जॉन एप्ली या कानाच्या डॉक्टरने त्याची रीत बसवली, १९९२ मध्ये तिचा सविस्तर शोधनिबंध आला. त्याआधी बरीच वर्षं त्याला त्याच्याच व्यवसायातल्या लोकांनी हसण्यावारी नेलं होतं. चाचणीच्या स्थितीत चक्कर थांबेपर्यंत थांबायचं, डोकं दुसऱ्या बाजूला वळवायचं, मग अख्खं अंग कुशीवर आणि तोंड जमिनीकडे, मग उठून बसायचं. गुरुत्वाकर्षण खड्याला नळीबाहेर काढतं. पाच मिनिटांचं काम. आईला दोन वेळा करावं लागलं. तिसऱ्या दिवशी ती पलंगावर आडवी झोपली.

अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेची २०१७ ची मार्गदर्शक सूचनाही हेच सांगते: निदान या चाचणीने करा, दुसरी काही लक्षणं नसतील तर स्कॅन नको, चक्करेच्या गोळ्या सरसकट नकोत. मग हे पहिल्या दिवशी का होत नाही? माझं मत विचाराल तर दोष एकट्या डॉक्टरांचा नाही. बाहेर चाळीस पेशंट असताना गोळी अर्ध्या मिनिटात लिहून होते, चाचणीला टेबल आणि वेळ लागतो. शिवाय गोळी न देणारा डॉक्टर आपल्याला डॉक्टर वाटत नाही. 'मान हलवून बरं होतं' हे तर थेट हाडवैद्याचं वाटतं! आणि आमच्यासारखी शहरातली पोरं एमआरआयचे पैसे जीपे करून मोकळी होतात.

व्हिडिओ बघून घरी करून बघा, असं मात्र मी सांगणार नाही. मी पुण्यात एका मित्रावर प्रयोग केला होता, चुकीच्या कानाचा. त्याला उलटी झाली, खडा होता तिथेच. शिवाय आडवी नळी असेल तर रीत वेगळी, आणि मानेचं खरंच दुखणं असेल तर जपून करावं लागतं. चक्कर थांबतच नसेल, एकाचे दोन दिसत असतील, बोबडी वळत असेल, हात-पाय लुळा पडला असेल किंवा धड चालता येत नसेल, तर हा लेख बंद करा आणि हॉस्पिटल गाठा. तो पक्षाघात असू शकतो, तिथे मिनिटं मोजतात.

हे दुखणं परत येऊ शकतं, हेही त्या मुलीने सांगून ठेवलं होतं. आलंच. या दिवाळीच्या आधी आईचा फोन, पुन्हा पहाटे.

"आढं फिरतंय. उजव्याच कुशीवर. तू गाडीबिडी काढू नकोस हो, मी दहा वाजता रिक्षाने जाऊन येत्ये तिच्याकडे."

दुपारी परत फोन केला, तर उचलला नाही. अंगणात कंदील टांगत होती म्हणे.